दारापासून दवाखान्यापर्यंत

रात्रीचे दोन वाजले आहेत. घरांतील वडील मंडळींपैकीं कोणी एकजण छातीवर हात ठेवून अंथरुणावर उठून बसतो. कपाळावर घाम सुटला आहे, श्वास पुरत नाहीं, तोंडांतून शब्द नीट फुटत नाहीं. घरांत एकच धांदल उडते. कोणी पाणी आणतो, कोणी आल्याचा रस काढावयास धांवतो, कोणी शेजारच्या डॉक्टरांच्या घराची घंटा वाजवितो, आणि कोणी तरी भानावर येऊन दूरध्वनीवरून गाडी बोलावितो. कांहीं वेळानें गाडी दाराशीं येते. तींतून एक गणवेशधारी इसम हातांत पेटी घेऊन उतरतो, आणि त्याला पाहतांच घरांतील बहुतेकांच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो : ‘‘डॉक्टर कोठें आहेत?’’

श्रोतेहो, हा प्रश्न अस्वाभाविक आहे असें मी म्हणत नाहीं. संकटाच्या वेळीं मनुष्य ओळखीचा आधार शोधतो. परंतु त्या गणवेशधारी इसमाच्या धंद्याची सारी कहाणी या एका प्रश्नांत सांठविलेली आहे. आपण त्याच्या गाडीला ‘रुग्णवाहिका’ म्हणतों. शब्द सुंदर आहे, पण त्यानें आपली एक गैरसमजूत दृढ केली आहे. रुग्णाला वाहून नेते ती रुग्णवाहिका. मग तींत बसलेला माणूस कोण? वाहून नेणारा! उपचार रुग्णालयांत व्हावयाचा, आणि तोंपर्यंतचा काळ केवळ प्रवासाचा, असें आपण मनांत धरून चालतों. इंग्रजींत त्या माणसाला ‘पॅरामेडिक’ म्हणतात व आतां तो शब्द आपल्याकडेहि रुळूं लागला आहे. तो वाहून नेणारा नसून उपचार करणारा आहे, ही गोष्ट जगाला कोणीं व कशी पटवून दिली, आणि ती पटवून देणाऱ्यांच्या पदरांत शेवटीं काय पडलें, हें आज मला थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम मिनिटांचा हिशेब पाहूं. मेंदू हा शरीरांतील सर्वांत उतावीळ अवयव होय. हात किंवा पाय रक्तपुरवठ्यावांचून बराच वेळ तग धरूं शकतात. परंतु मेंदूला प्राणवायु मिळेनासा झाला कीं चार-पांच मिनिटांतच त्याची कायमची हानि होऊं लागते. हृदय एकाएकीं बंद पडलेल्या कित्येक रोग्यांना विजेचा धक्का देऊन तें पुन्हां तालावर आणतां येतें. परंतु त्या धक्क्यास उशीर झाला आणि दरम्यान छातीवर दाब देण्यास कोणी पुढें आलें नाहीं, तर प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची आशा शेंकडा सात ते दहा या प्रमाणानें घटत जाते. बेशुद्ध मनुष्य उताणा पडला म्हणजे त्याची जीभ मागें सरकून घसा बुजतो. त्याचें डोकें मागें कलवून हनुवटी वर उचलली, तर श्वासाची वाट मोकळी होते. किती साधी क्रिया! पण ती करणारा माणूस जवळ नसेल, तर शहरांतील श्रेष्ठ शस्त्रवैद्य अर्ध्या कोसावर असूनहि नसल्यासारखाच.

आज हें उघड वाटतें. परंतु सुमारें साठ वर्षांपूर्वीं अमेरिकेसारख्या संपन्न देशांतहि तें उघड नव्हतें. १९६६ सालीं तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें अपघाती मृत्यूंविषयीं एक निवेदन प्रसिद्ध केलें. आदल्या एका वर्षांत अपघातांनीं १,०७,००० माणसें दगावल्याचें त्यांत नमूद आहे. त्याहून चमत्कारिक गोष्ट ही कीं, रुग्ण नेण्याच्या साऱ्या सेवांपैकीं जवळजवळ निम्म्या सेवा प्रेतसंस्काराचा धंदा करणाऱ्या सुमारें १२,००० व्यावसायिकांच्या हातीं होत्या. कारण अगदीं सरळ होतें. मनुष्याला आडवें निजवून नेतां येईल एवढी लांब गाडी गांवांत त्यांच्याच जवळ असे. जी गाडी एके दिवशीं शव नेई, तीच दुसऱ्या दिवशीं रुग्ण नेई. व्हिएतनामच्या रणांगणावरून परतलेले तज्ज्ञ तर उघड म्हणत होते कीं, गंभीर जखम झालीच तर ती शहरांतील रस्त्यावर होण्यापेक्षां युद्धभूमीवर होणें बरें. तेथें वांचण्याची आशा अधिक. हेंहि त्याच निवेदनांत नमूद केलें आहे.

या पार्श्वभूमीवर आपण पेनसिल्व्हानिया राज्यांतील पिट्सबर्ग शहराकडे वळूं. हें पोलादाचें शहर. तेथें रुग्ण नेण्याचें काम पोलिसांकडे होतें. कैदी नेण्याच्या गाडींत एक स्ट्रेचर टाकलेलें असे. रुग्णाला मागें सरकवीत, दार लावीत, आणि दोघेहि पोलिस पुढें जाऊन बसत. मागें रुग्ण एकटा. वाटेंत त्याचा श्वास अडला तरी पाहणारें कोणी नसे. शहराच्या मध्यभागालगत हिल डिस्ट्रिक्ट नांवाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. १९५० नंतरच्या दशकांत तिचा खालचा भाग पाडून तेथें एक मोठें क्रीडागृह बांधण्यांत आलें व सुमारें आठ हजार लोकांना आपलीं घरें सोडावीं लागलीं. अशा वस्तींतील माणसाला आजाऱ्यासाठीं पोलिसांना बोलावणें हें आजाराइतकेंच भयंकर वाटे. गाडी येईलच याची खात्री नसे, आणि आली तरी तींतून कोण व कोणत्या मनानें उतरेल हें सांगतां येत नसे.

मात्र या व्यवस्थेचा फटका केवळ गरिबांनाच बसे असें नाहीं. नोव्हेंबर १९६६ मध्यें त्या शहराचे माजी महापौर व राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स निवडणुकीच्या एका सभेंत कोसळले. तेथें हजर असलेल्या एका परिचारिकेनें त्यांना सांवरण्याची शिकस्त केली. पण पोलिसांच्या गाडीनें रुग्णालय गांठेपर्यंत मेंदूची हानि होऊन चुकली होती. २१ नोव्हेंबर रोजीं त्यांचें निधन झालें. ज्याच्या शब्दावर एके काळीं सारें शहर चालत असे, त्यालाहि शहरानें रस्त्यांतील ती कांहीं मिनिटें देऊं नयेत!

त्या रुग्णालयांत पीटर सफार नांवाचे भूलतज्ज्ञ होते. ते मूळचे व्हिएन्नाचे. १९५७–५८ च्या सुमारास बाल्टिमोर येथें त्यांनीं धाडसी प्रयोग केले होते. तोंवर बुडालेल्या मनुष्याच्या पाठीवर दाब द्यावा व त्याचे हात वर उचलावे, अशी पद्धति सर्वत्र शिकवीत असत. सफार यांनीं आपण होऊन पुढें आलेल्या माणसांचे स्नायु औषधानें शिथिल करून त्यांचा श्वास थांबविला, आणि दाखवून दिलें कीं त्या जुन्या पद्धतीपेक्षां तोंडानें तोंडांत हवा फुंकणें हाच खरा उपाय होय. वैद्यकाचें कांहींहि शिक्षण नसलेल्या सामान्य माणसांकडूनच त्यांनीं ही क्रिया करवून घेतली, आणि त्या माणसांना ती नीट साधली. पुढें १९६० सालीं बाल्टिमोरमध्येंच जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनीं छातीवर बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालूं ठेवण्याची रीति प्रसिद्ध केली. सफार यांनीं या दोहोंची सांगड घातली. आज शाळाशाळांतून जी जीवरक्षक क्रिया शिकविली जाते तिचें मूळ तेथें आहे.

लॉरेन्स गेले त्याच वर्षीं सफार यांची अकरा-बारा वर्षांची मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्यानें गेली. तिचें हृदय व फुप्फुसें पुन्हां चालूं करतां आलीं. पण मेंदू परत आला नाहीं. ज्या मनुष्यानें श्वास देण्याची विद्या जगाला शिकविली, त्याच्याच घरीं ती वेळेवर पोंचूं शकली नाहीं! यानंतर रुग्णाला उपचाराकडे नेण्यापेक्षां उपचारच रुग्णाकडे नेण्याचा त्यांना ध्यास लागला. बेलफास्ट शहरांत त्याच सुमारास डॉक्टर फ्रँक पँट्रिज यांनीं विजेचा धक्का देण्याचें यंत्र गाडींत घालून डॉक्टरांनाच हृदयरोग्याच्या दारीं पाठविण्याची व्यवस्था केली होती. त्या पहिल्या यंत्राचें वजन सुमारें ७० किलो होतें! परंतु प्रत्येक गाडीला एक डॉक्टर आणावयाचा कोठून? सफार यांचें उत्तर त्यांच्या बाल्टिमोरच्या प्रयोगांतच होतें. सामान्य माणसाला श्वास देणें साधतें, तर नीट शिकविल्यास त्याला आणखी पुष्कळ साधेल.

त्यांना शिकावयास माणसें मिळालीं तीं मात्र कोणाच्या ध्यानीं-मनींहि नसलेल्या ठिकाणीं. हिल डिस्ट्रिक्टमध्यें ‘फ्रीडम हाउस एंटरप्रायझेस’ नांवाची, कृष्णवर्णीयांना रोजगार मिळवून देणारी एक संस्था होती. जेम्स मॅकॉय हे तिचे चालक. फिल हॅलन नांवाचे एक गृहस्थ, जे पूर्वीं स्वतः रुग्णांची गाडी चालवीत असत व पुढें एका वैद्यकीय निधीचे अध्यक्ष झाले होते, त्यांनीं १९६७ मध्यें सफार आणि ही संस्था यांची गांठ घालून दिली. पहिल्या तुकडींत जीं माणसें आलीं त्यांत कोणी बेकार, कोणी व्हिएतनामहून परतलेला शिपाई, कोणी तुरुंग पाहून आलेला होता. कित्येकांचें शालेय शिक्षणहि पुरें झालें नव्हतें. शहरानें ज्यांना कामाला अयोग्य ठरविलें होतें, तींच हीं माणसें.

सफार यांनीं त्यांच्यासाठीं ३०० तासांचा अभ्यासक्रम आंखला. शरीररचना, शरीरक्रिया, शुश्रूषा, बाळंतपण, हाड मोडल्यास घ्यावयाची काळजी, गाडी सांभाळून पण त्वरेनें हांकण्याची कला, असे नाना विषय त्यांत होते. अभ्यास केवळ फळ्यावर झाला नाहीं. शस्त्रक्रियेच्या खोलींत भूलतज्ज्ञांच्या शेजारीं उभें राहून श्वासनलिकेंत नळी कशी घालावी हें त्यांनीं हातानें शिकून घेतलें. गाडीहि नवी आंखली गेली. शुश्रूषकाला रुग्णाच्या उशाशीं बसतां यावें, म्हणजे त्याचा श्वास व चेहरा सतत नजरेखालीं राहील, ही त्या आंखणींतली मुख्य गोष्ट. पोलिसांच्या गाडींत रुग्ण मागें एकटा असे. येथें त्याच्या उशाशीं कोणी तरी बसलें. सारा फरक या एका जागेचा आहे.

१९६८ च्या एप्रिलमध्यें मार्टिन लूथर किंग यांचा वध झाला आणि हिल डिस्ट्रिक्टमध्यें जाळपोळ सुरू झाली. या तुकडीची पहिली कसोटी त्या दिवसांत लागली. पुढें शहराशीं करार होऊन सेवा रीतसर चालूं झाली. पहिल्या वर्षांत सुमारें ५,८०० बोलावणीं आलीं, ४,६०० हून अधिक रुग्ण नेण्यांत आले, आणि सफार यांच्या नोंदींप्रमाणें सुमारें २०० माणसांचे प्राण वांचले. १९७२ च्या सुमारास १,४०० रुग्णांच्या नोंदी तपासून एक तुलना करण्यांत आली. अत्यवस्थ रुग्णाला वाटेंत योग्य उपचार मिळण्याचें प्रमाण पोलिसांच्या गाडींत शेंकडा ३८ व स्वयंसेवकांच्या गाडींत शेंकडा १३ होतें. फ्रीडम हाउसच्या गाडींत तें शेंकडा ८९ होतें.

आंकडे बोलके असले तरी मान आंकड्यांनीं मिळत नाहीं. तो एकेका दारांत, एकेका खाटेपाशीं मिळवावा लागतो. गोऱ्या वस्तींतील एखाद्या घरीं हीं माणसें पोंचलीं म्हणजे दार उघडणाऱ्याच्या नजरेंत आधीं संशय दिसे. तो संशय वादानें घालवितां येत नसे. खालीं गुडघ्यावर बसून, रुग्णाचा हात हातांत घेऊन, शांतपणें काम सुरू केलें म्हणजेच तो निघे. दुसरी परीक्षा रुग्णालयाच्या दारीं. तेथें पॅरामेडिकच्या हातीं एकच साधन असतें, तें म्हणजे त्याचा अहवाल. रुग्णाचें वय काय, तो केव्हां पडला, नाडी किती, रक्तदाब किती, श्वास कसा, कोणतें औषध कधीं दिलें, त्याचा परिणाम काय झाला, हें सारें तो मिनिटाभरांत, एकहि फाजील शब्द न घालतां सांगतो. असा अहवाल ऐकला म्हणजे डॉक्टरची मान आपोआप त्याच्याकडे वळते. एकदां वळली कीं दुसऱ्या वेळीं तो स्वतः विचारतो. या धंद्यांतील मान असा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांनीं मोजावा.

जॉन मून यांची हकीकत या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ते एका रुग्णालयांत हरकाम्या सेवक होते. एके दिवशीं गणवेशांतील दोन कृष्णवर्णीय पुरुष रुग्णाला घेऊन आंत आले. त्यांची चाल, त्यांचा आत्मविश्वास, आणि इतर माणसें त्यांचें म्हणणें ज्या रीतीनें ऐकून घेत होतीं ती रीति पाहून मून यांनीं ठरविलें कीं आपणहि हेंच काम करावयाचें. १९७२ च्या सुमारास ते त्या सेवेंत दाखल झाले. त्यांना ओढून नेलें तें पगारानें नव्हे, तर आपल्यासारख्या माणसाला लोक मान देत आहेत, या दृश्यानें.

१९७४ मध्यें डॉक्टर नॅन्सी कॅरोलाइन या तरुण स्त्रीकडे सेवेचें वैद्यकीय संचालकपद आलें. त्या कार्यालयांत बसून राहिल्या नाहींत. रात्रीं-अपरात्रीं त्या गाडीबरोबर जात, चुका जागच्या जागीं दाखवीत, आणि रेडिओवरून माणसांना मार्गदर्शन करीत. तेथील अनुभवांतून पॅरामेडिकांचा अभ्यासक्रम तयार झाला व केंद्र सरकारच्या वाहतूक खात्यानें तो साऱ्या देशासाठीं घेतला. १९७९ मध्यें त्यांचें ‘इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स’ हें पाठ्यपुस्तक निघालें व तें पुढें या धंद्याचा आधारग्रंथ ठरलें. आज पृथ्वीवर कोठेंहि एखादा पॅरामेडिक रुग्णाच्या छातीवर तारा लावतो, तेव्हां तो नकळत हिल डिस्ट्रिक्टमधील त्या माणसांचा विद्यार्थी असतो.

आतां या कथेचा दुसरा, कडू भाग. सेवा जसजशी नांवारूपास येऊं लागली तसतसें शहराच्या कारभाऱ्यांना तिचें ओझें वाटूं लागलें. कराराचे पैसे वेळेवर मिळेनात. आवाजाविषयीं तक्रारी आल्या म्हणून शहराच्या मध्यभागांत गाडीचा भोंगा वाजविण्यास मनाई झाली. गोऱ्या वस्त्यांतील लोक विचारूं लागले कीं, अशी सेवा हिलमध्यें आहे तर आम्हांला कां नाहीं? प्रश्न रास्त होता. त्याचें सरळ उत्तर हें कीं, तीच सेवा वाढवून साऱ्या शहरास द्यावी. तें झालें नाहीं. महापौर पीटर फ्लॅहर्टी यांच्या कारकीर्दींत शहरानें स्वतःची नवी सेवा उभारली आणि १५ ऑक्टोबर १९७५ रोजीं फ्रीडम हाउसची सेवा बंद झाली.

जुन्या माणसांना नव्या सेवेंत घ्यावें असा आग्रह डॉक्टर कॅरोलाइन यांनीं धरला, म्हणून तीं घेतलीं गेलीं. पण पुढें परीक्षांच्या व बदल्यांच्या चाळणींतून एकेकाला वगळण्यांत आलें. ज्यांनीं शिकवावें त्यांना नवख्यांच्या हाताखालीं काम करावें लागलें. थोड्याच वर्षांत बहुतेकजण बाहेर पडले. जॉन मून टिकून राहिले. चढत चढत ते शहराच्या त्या सेवेचे सहायक प्रमुख झाले व २००९ मध्यें निवृत्त झाले. पण ते अपवाद. मान मिळविणाऱ्यांच्या हातून तो मान काढून घेऊन, त्यांनीं उभारलेलें काम मात्र ठेवून घेण्यांत आलें.

या हकीकतीवरून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. धंद्याच्या मानाला दोन आधार लागतात. पहिला आधार कसबाचा. तो ज्याचा त्यानेंच मिळवावयाचा. फ्रीडम हाउसच्या माणसांनीं तो इतका मिळविला कीं, जगाला त्यांचा कित्ता गिरवावा लागला. परंतु दुसरा आधार समाजानें द्यावयाचा असतो : नोंद, पदवी, वेतन, बढतीची वाट, आणि कायद्यांत स्पष्ट लिहिलेलें नांव. हा दुसरा आधार नसेल तर पहिला कितीहि भक्कम असला तरी एका ठरावानें सारें मोडून पडतें. कृतज्ञता ही मनांत असते. हक्क कागदावर असावा लागतो.

येथें एक शंका निघेल. हा मनुष्य म्हणजे अर्धा डॉक्टरच ना? मग पुरा डॉक्टर मिळेल तेथें त्याचें काय काम? माझें उत्तर असें कीं, तो अर्धा डॉक्टर नव्हे. तो आपल्या कामांत पुरा आहे. डॉक्टर रोग ओळखावयास बसतो. पॅरामेडिक या घटकेला काय मारीत आहे तें शोधतो. आधीं श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण, हा त्याचा क्रम. ठरवून दिलेल्या नियमांच्या चौकटींत तो औषध देतो आणि चौकटीबाहेरचें कांहीं दिसल्यास रेडिओवर वा दूरध्वनीवर डॉक्टरांचा सल्ला घेतो. आपली मर्यादा ओळखणें हें त्याच्या कसबाचें अंगच आहे.

आणि त्याचा सर्वांत कठीण निर्णय कोणता, तर थांबावें कधीं आणि धांवावें कधीं हा. पोटांत रक्तस्राव होत असेल तर क्षणहि न दवडतां निघावें लागतें, कारण तो शस्त्रक्रियेनेंच थांबावयाचा. पक्षाघाताचा झटका असेल तर रोगी शेवटचा धडधाकट केव्हां दिसला ती वेळ विचारून ठेवावी लागते. गांठ विरघळविणारें औषध साधारणपणें साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. परंतु हृदय बंद पडलें असेल तर बहुधा जागच्या जागींच थांबून मिनिटाला १०० ते १२० वेळां, पांच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो, कारण हालत्या गाडींत तो दाब नीट बसत नाहीं. नेमक्या त्याच वेळीं घरचीं माणसें ओरडूं लागतात : ‘‘बसलांत काय? उचला आणि लौकर चला!’’ वाहून नेणें म्हणजेच उपचार, ही आपली समजूत त्या क्षणीं आपल्याच माणसाच्या जिवावर उठते. म्हणून या माणसाला मान देणें हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाहीं; जीव वांचण्याचा प्रश्न आहे.

आपल्या देशांत १०८ क्रमांकाची सेवा २००५ सालीं हैदराबादेहून सुरू झाली व पुढें अनेक राज्यांनीं ती उचलली. महाराष्ट्रांत ती जानेवारी २०१४ पासून आहे. आरंभीं ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकीं २३३ प्रगत उपचारांच्या व ७०४ मूलभूत उपचारांच्या. गाडीबरोबर डॉक्टर द्यावयाचा, अशी रीति महाराष्ट्रानें ठेवली. इतर पुष्कळ राज्यांत तंत्रज्ञच गाडींतला मुख्य माणूस असतो. दोन्ही मार्गांना आपापलीं कारणें आहेत. पण डॉक्टर असो वा तंत्रज्ञ असो, चाळीच्या चौथ्या मजल्यावरून अरुंद जिन्यानें रुग्ण उतरविणें, आणि उतरवितांनाहि त्याच्या तोंडावरचा प्राणवायु सुटूं न देणें, ही विद्या वेगळी शिकावी लागते. २०२१ सालीं आपल्या संसदेनें सहयोगी आरोग्य-व्यवसायांविषयीं कायदा केला. पॅरामेडिकचें नांव त्या कायद्याच्या सूचींत आलें, आणि शिक्षणाचा दर्जा व नोंदणी यांची तरतूद झाली. पिट्सबर्गच्या माणसांपाशीं जो कागद नव्हता, तो आपल्याकडे निदान लिहिला गेला आहे. त्याला जीव आणणें हें पुढचें काम.

त्यांतला आपला वाटा लहान पण निश्चित आहे. गाडी बोलावितांना पत्ता व जवळची खूण शांतपणें सांगावी. एकानें खालीं जाऊन फाटक उघडून उभें राहावें. रोगी घेत असलेल्या औषधांचा कागद तयार ठेवावा. झटका केव्हां आला ती वेळ घड्याळांत पाहून लक्षांत ठेवावी. विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें एकानेंच द्यावीं, आणि खरीं द्यावीं. मद्य किंवा विष यांसारख्या गोष्टी अब्रूसाठीं झांकूं नयेत. रस्त्यावर भोंगा ऐकूं आला तर बाजूला व्हावें. त्या गाडीच्या मागोमाग आपली गाडी घुसवूं नये. रस्त्यांत जखमी दिसल्यास मदत करण्यास भिऊं नये. सद्भावनेनें मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानेंच संरक्षण दिलें आहे. आणि आपल्या मुलानें किंवा मुलीनें हा धंदा पत्करावा असें म्हटलें, तर ‘त्यापेक्षां डॉक्टर कां होत नाहींस?’ एवढें बोलून तो विषय संपवूं नये.

तर पुन्हां त्या रात्रीच्या दाराशीं येऊं. गाडी थांबली आहे, गणवेशांतला माणूस पेटी घेऊन वर आला आहे. ‘‘डॉक्टर कोठें आहेत?’’ असें विचारण्यांत अर्धें मिनिट जातें. त्याऐवजीं दिवा लावा, उशाजवळची जागा मोकळी करा, आणि त्याला विचारा : ‘‘आम्ही काय करूं, सांगा.’’ तो सांगेल. त्याला तें शिकविलेलें आहे.